पडद्यावरची पोथी

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, बक्षिसांच्या ढालींच्या मागे, कागदी पाकिटात घातलेली एक तबकडी आहे. तिच्यावर निळ्या मार्करने 'सरांचे व्याख्यान, २००४' एवढेच लिहिले आहे. आमचे मराठीचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने शाळेत परत आले आणि संगीत नाटकावर तासभर बोलले, ते हे व्याख्यान. मागे त्यांचा एक जुना विद्यार्थी तंबोरा घेऊन बसला होता. बोलता बोलता पदाची ओळ म्हणून दाखविल्याशिवाय सरांना राहवत नसे. गावातल्या एका फोटोवाल्याने चित्रीकरण केले आणि व्हीसीडी करून शाळेला दिली. २००९ साली सर गेले. ती तबकडी आज कोणत्याच यंत्रात उघडत नाही. उजेडासमोर धरली की तिच्या चकाकीतून टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात.

उरली आहे तिची एक नक्कल, आणि त्या नकलेची नक्कल. पहिली मी केली. दुसरी आमच्या तरुण संगणक शिक्षकांनी केली. यंदाच्या संमेलनात यांतली कोणती दाखवायची यावरून शिक्षकखोलीत वाद झाला. निर्णय माझ्याकडे होता, पण मुख्याध्यापकाने स्वतःच्याच कामाच्या बाजूने कौल द्यावा हे काही शोभत नाही. तेव्हा एखाद्या ग्रंथाची दोन हस्तलिखिते समोर ठेवून वाचावीत तशा ह्या दोन्ही प्रती मी पुन्हा पाहिल्या. समीक्षा पुस्तकांची होते, नाटकांची होते, गाण्याची होते. नकलेची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. आणि आपण सीमाभागातली माणसे तर नाटक-गाणे बहुतांशी नकलांवरच जगलो आहोत. पुण्या-मुंबईचा प्रयोग इकडे यायचा तेव्हा यायचा; एरवी आकाशवाणी, कॅसेट, आणि आता दुसऱ्याने पाठविलेली चित्रफीत. त्यामुळे हा विषय दिवाळी अंकात मांडताना मला संकोच वाटत नाही.

ह्या दोन प्रतींना आपण 'क' आणि 'ख' म्हणू.

'क' प्रत मी २०१३ साली घरी केली. त्या वेळी तबकडी कुरकुरत का होईना, चालत होती. मुलाच्या लॅपटॉपवर ती प्लेअरमध्ये लावली आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचा एक प्रोग्रॅम सुरू केला. हा प्रोग्रॅम काय करतो, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तो मूळ फाइलीला हात लावीत नाही. प्लेअर ती फाइल उलगडून पडद्यावर चित्र मांडतो. हा प्रोग्रॅम त्या पडद्याचे सेकंदाला ठरावीक वेळा छायाचित्र घेतो, आवाज वेगळा गोळा करतो आणि दोन्ही बांधून नवी फाइल तयार करतो. म्हणजे समोर पोथी असताना तिच्यावरून न लिहिता, एकाने ती मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने ऐकून लिहावी, तसा हा प्रकार. आपल्याकडे पोथ्या दोन्ही रीतींनी उतरविल्या जात. पाहून लिहिणाऱ्याच्या चुका डोळ्याच्या असतात: दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की मधली ओळ गळते. ऐकून लिहिणाऱ्याच्या चुका कानाच्या असतात: 'श'चा 'स' होतो, न कळलेला शब्द कळेल अशा शब्दाने बदलला जातो. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या चुका तिसऱ्याच जातीच्या. त्यात वाचणाऱ्याची खोलीही प्रतीत उतरते.

माझी मोठी चूक आवाजाची. संगणकात आवाज दोन वाटांनी मिळतो. एक वाट आतली: प्लेअरमधून स्पीकरकडे जाणारा नाद मध्येच उचलायचा. जुन्या विंडोजमध्ये ध्वनीच्या मांडणीत 'स्टिरिओ मिक्स' नावाचा पर्याय असे, तो ह्याचसाठी. पुढे बऱ्याच यंत्रांत तो बंद किंवा लपविलेला असे. ओबीएस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २०१२ पासून आहे, त्यात ह्याला 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणतात. दुसरी वाट बाहेरची: स्पीकर खोलीत वाजणार आणि मायक्रोफोन ते खोलीतून ऐकणार. माझ्या प्रोग्रॅमने न विचारता दुसरी वाट धरली होती आणि मी ती तपासली नाही. परिणाम असा, की 'क' प्रतीत सरांच्या व्याख्यानाबरोबर आमच्या घराचा एक तास आहे. पंधराव्या मिनिटाला कुकरची पहिली शिट्टी होते. सर 'सौभद्रा'तल्या पदाकडे वळतात त्याच क्षणी दुसरी. तिसरी शिट्टी आणि सरांची तान एकत्र येतात, आणि त्या क्षणापुरता कुकर सुरात आहे की सर बेसूर, हे सांगणे कठीण.

दुसरा दोष चित्राचा. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चौकटी. माझा प्रोग्रॅम सेकंदाला १५ चौकटी घेत होता. म्हणजे दर पाच चौकटींतल्या दोन गळाल्या. स्थिर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे जाणवतही नाही. पण सर पद म्हणताना मांडीवर ताल धरीत. 'क' प्रतीत हात वर दिसतो, मग खाली दिसतो. टाळी पडताना बहुधा दिसत नाही. पोथीतून मधली ओळ गळावी तशी सम गळाली आहे. शिवाय मी चित्र पूर्ण पडद्याएवढे ताणून ठेवले होते, त्यामुळे माझी फाइल तबकडीवरच्या फाइलीहून मोठी झाली आणि तिच्यातला मजकूर कमी झाला.

तिसरा दोष सांगायला लाज वाटते. माउसचा बाण बाजूला करायचे राहिले. जवळजवळ अकरा मिनिटे तो पांढरा बाण सरांच्या उजव्या खांद्यावर, अंगरख्याला टाचणी लावावी तसा, टोचलेला आहे.

आणि चौथा: आरंभच नाही. मी प्लेअर आधी सुरू केला आणि रेकॉर्डिंगचे बटण शोधत बसलो. प्रास्ताविक, हार, नारळ, आणि सरांची पहिली चार मिनिटे गेली. पुन्हा मागे जाऊन घेऊ म्हटले तर तबकडी त्या जागी अडकू लागली. मी 'पुढच्या रविवारी' म्हणून सोडून दिले. पुढच्या रविवारी ती उघडलीच नाही.

ह्यावर आमच्या संगणक शिक्षकांनी २०२१ साली मला जे सांगितले ते ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. ते म्हणाले, "सर, रेकॉर्डिंग करायची गरजच नव्हती. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर असतो, त्यात व्याख्यान एका डॅट फाइलीत होतं. ती फाइल नुसती कॉपी करायची. अडलीच असती तर व्हीएलसीमधून रूपांतर करून घ्यायची." म्हणजे मूळ पोथी हातात असताना मी ती मोठ्याने वाचवून घेतली आणि ऐकून लिहिली. वाचकांपैकी कोणाकडे अशा तबकड्या, लग्नाच्या, मौंजीच्या, वडिलांच्या षष्ट्यब्दीच्या, अजून चालत असतील, तर त्यांनी हे एवढे लक्षात घ्यावे: फाइल मिळत असेल तर फाइलच उतरवावी. पडद्यावरून टिपणे हा शेवटचा उपाय.

शेवटचा उपाय म्हणून मात्र त्याला तोड नाही, हेही खरे. कित्येक जुन्या चित्रफिती एखाद्या विशिष्ट प्लेअरमध्येच उघडत, आणि तो प्लेअर नव्या यंत्रावर चालत नाही. अशा वेळी जुने यंत्र एकदा सुरू करून पडद्यावरून टिपून घेणे हीच वाट राहते. तीही पूर्वी इतकी सरळ नव्हती. विंडोज एक्स्पीच्या काळात पडदा टिपला की बाकी सगळे येई, आणि जिथे चित्र हलत होते तिथे नुसता काळा चौकोन. त्या वेळी प्लेअर चित्र थेट ग्राफिक्स कार्डाकडे देत असे. पडद्यावर फक्त एक ठरलेल्या रंगाची जागा राखून ठेवलेली असे आणि कार्ड त्या रंगाच्या जागी चित्र भरी. टिपणाऱ्याच्या हाती ती रिकामी जागा लागायची. त्यातली गंमत अशी, की ते टिपलेले स्थिर चित्र प्लेअर बंद न करता उघडले, तर त्या चौकोनात सिनेमा चालू दिसे. माणसाला वाटावे, आपण चालते चित्रच पकडले. आणि प्लेअर बंद करताच सगळे काळे. मायावी सभेत पाणी समजून धोतर उचलणाऱ्या दुर्योधनासारखी आमची अवस्था व्हायची.

आज काळा चौकोन दिसतो तो वेगळ्या कारणाने. पैसे भरून पाहायच्या चित्रपटांना मुद्दाम कुलूप घातलेले असते आणि ते टिपायला गेले की पडदा काळा येतो. तो दोष नव्हे, ती मालकाची इच्छा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२वे कलम खासगी वापर, अभ्यास आणि समीक्षा ह्यांसाठी रास्त उपयोगाला जागा देते; पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५अ कलमाप्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. सरांच्या व्याख्यानाला कुलूप नव्हते, आणि ते शाळेत दाखवायला त्यांच्या घरच्यांची परवानगी आहे. हे इथेच नोंदवून पुढे जातो.

आता 'ख' प्रत. २०२१ साली शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर चालत होते. मुलांना सरांचे व्याख्यान ऐकवावे म्हणून संगणक शिक्षकांनी 'क' प्रत घेतली आणि साफ केली. त्यांनी ते फार कष्टाने केले, हे आधी सांगितले पाहिजे. बाण जिथे होता तिथे चित्र थोडे कापून मोठे केले. आवाजावर दोन चाळण्या लावल्या. एक चाळणी अखंड, एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते आणि काढून टाकते. पंख्याची घरघर, यंत्राची गुणगुण तिने जाते. दुसरी म्हणजे एक प्रकारचे फाटक: ठरावीक पातळीखालचा आवाज आला की ते मिटते, मोठा आवाज आला की उघडते. कुकरच्या शिट्ट्या त्यांनी हाताने दाबल्या. 'ख' प्रत मागच्या बाकावरही स्वच्छ ऐकू येते. शिक्षकखोलीतल्या बहुतेकांचे मत तिच्याच बाजूने होते, आणि पहिल्यांदा ऐकताना माझेही झाले असते.

पण दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी मोकळे मोकळे वाटू लागले. सर पद म्हणत होते आणि खाली जमीनच नव्हती. तंबोरा गेला होता. अखंड, एकसारखा चालणारा नाद. चाळणीने त्याला पंखा समजून बाहेर काढले. तंबोऱ्याचे काम काय, हे ज्या यंत्राला ठाऊक नाही त्याला दुसरे काय समजणार! मध्ये मध्ये, सरांचा आवाज चढला की फाटक उघडते आणि त्या क्षणापुरता तंबोऱ्याचा एक तुकडा आत येतो, पुन्हा मिटते. सरांचे गाणे काही थोर नव्हते. ते शिक्षकाचे गाणे होते, चाल कळावी एवढ्यापुरते. तंबोरा काढून घेतल्यावर तेही उघडे पडले. ज्यांनी सरांना कधी ऐकले नाही ती मुले 'ख' प्रत ऐकून म्हणतील, हे सर बरे गात नव्हते. आणि पुरावा त्यांच्या कानात असेल.

ध्वनिमुद्रणाने कलावंताविषयी असे गैरसमज करून देणे काही आजचे नाही. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे मुद्रण झाले तेव्हापासून तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ज्यांनी त्यांना ओळखले, त्यांना पद म्हणजे तीन मिनिटांची आटोपशीर वस्तू वाटते. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत तेच पद कुठच्या कुठे जाई, हे त्या तबकडीत कोठून येणार? उलट गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, ते तबकडी ओळखण्याच्या सोयीसाठी होते असे म्हणतात. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आज कोणी ते नाव कापून 'शुद्ध' गाणे ऐकवू लागला तर रसिक त्याला दारात उभा करणार नाहीत. शंभर वर्षांनंतर आमच्या कुकरला ती प्रतिष्ठा मिळेल असे मी म्हणत नाही. पण कोणता आवाज मजकुरातला आणि कोणता बाहेरचा, हे ठरविण्याची घाई करू नये, एवढे तरी त्यावरून समजावे.

ह्या घाईचे खरे उदाहरण व्याख्यानाच्या मध्यावर आहे, आणि हा सगळा लेख त्यासाठीच लिहिला.

सर मराठी रंगभूमीच्या जन्माविषयी बोलत आहेत. कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली, चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांचे खेळ पाहिले, तसे काही आपल्या भाषेत करावे म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितले, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' झाले. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. 'ख' प्रतीत सर हे एक वाक्य म्हणतात. मग थोडी शांतता. मग "आयितु" एवढा एक कन्नड शब्द. आणि मग तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने.

मोबाइलवरच्या वर्गात हे ऐकून एका मुलीने विचारले होते, सर विसरले का? वय झाले होते का त्यांचे? दुसऱ्याने विचारले, मध्येच कन्नड का बोलले? आपल्या भागात हा दुसरा प्रश्न साधा राहत नाही. आईबापांच्या तोंडून तो वेगळ्याच सुरात आला. आमच्या एका सहकाऱ्यांनी तोडगा सुचविला, की दुसरे वाक्य आणि तो शब्द दोन्ही कापून टाकू, पुनरुक्ती जाईल.

'क' प्रतीत त्याच जागी काय आहे ते ऐका. कुकर थंड झाला आहे, रस्त्यावरून एक रिक्षा जाते. सर वाक्य म्हणतात. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, पण मुद्रणात बारीक, फोटोवाल्याचा आवाज येतो: "सर, स्वल्प जोरागि हेळ्री." जरा मोठ्याने सांगा. सर त्याच्याकडे पाहून हसतात, "आयितु" म्हणतात, आणि वाक्य पुन्हा म्हणतात. फोटोवाल्याचा आवाज फाटकाच्या पातळीखालचा होता, म्हणून 'ख' प्रतीत तो नाही. प्रश्न गेला आणि उत्तर उरले. ज्या माणसाने कॅमेरेवाल्याचे ऐकून, त्याच्या भाषेत त्याला होकार देऊन, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून वाक्य पुन्हा म्हटले, तो साफ प्रतीत विसराळू म्हातारा झाला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी 'क' प्रतीचे पारडे जड झाले असते. पण ती दोन वाक्ये मी लिहून काढली, एकाखाली एक, पाठभेद लावावेत तशी. ती एकसारखी नाहीत. पहिल्यांदा सर म्हणतात, कर्नाटकातले भागवतांचे खेळ सांगलीला आले. दुसऱ्यांदा म्हणतात, आपल्याकडचे भागवतांचे खेळ सांगलीला आले. मध्ये फक्त त्या फोटोवाल्याशी झालेली नजरानजर आहे. 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, ही गोष्ट सर वर्गात दरवर्षी छाती काढून सांगत. पण भागवतांना त्यांनी 'आपल्याकडचे' म्हटलेले मी शाळेत कधी ऐकले नव्हते. हे जाणून म्हटले की सहज तोंडातून गेले, ते मी सांगू शकत नाही. पुनरुक्ती म्हणून कापले असते तर नेमके हेच वाक्य गेले असते.

एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर नकलांच्या नकला होत्या. पुढे राजवाड्यांनी १९०९ साली वेगळ्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि विद्वानांत वाद झाले. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पिढ्या खपल्या आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. पानाच्या वरच्या भागात मजकूर आणि खाली पाठभेदांची दाटी. आमच्या एका तासाच्या चित्रफितीला त्या रांगेत बसविण्याचा आगाऊपणा मी करीत नाही. पण शुद्ध करणाऱ्याने काय काढले ते लिहून ठेवावे, हा त्या लोकांचा नियम मोबाइलच्या काळात अगदीच कालबाह्य झाला आहे असे मला वाटत नाही. आज घरोघरी, फोनवरसुद्धा, पडदा टिपता येतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०२० पासून आतच आहे. कोणीतरी दूरदर्शनवरचे जुने गाणे टिपतो, कडेची पट्टी कापतो, आलाप लांबला म्हणून तोही कापतो आणि पुढे पाठवितो. गाणाऱ्याचे नाव चुकीचे, साल नाही. आणि त्या दीड मिनिटावर एखादा समीक्षक गायकीविषयी मत देतो. बटण कुठे दाबले आणि कुठे सोडले, हे ठरविणारा माणूस त्या कृतीचा संपादक असतो, पण त्याचे नाव कुठेच नसते.

पोथीच्या शेवटी लेखकाची पुष्पिका असे. कोणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात, कोणासाठी. आणि बहुधा एक विनवणी, की जसे पाहिले तसे उतरविले, दोष असल्यास मला देऊ नये. मला तशी विनवणी करता येत नाही, कारण दोष माझाच आहे. पण पुष्पिका मी आता 'क' प्रतीला जोडली आहे. चित्रफितीच्या आरंभी पांढऱ्या अक्षरांत ती येते: मूळ व्हीसीडी, २००४, फोटोवाल्याने केलेली. मूळ आता वाचत नाही. शके १९३५, विजयनाम संवत्सर, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, घरी, लॅपटॉपच्या पडद्यावरून टिपली. आवाज मायक्रोफोनमधून. आरंभीची चार मिनिटे नाहीत. सेकंदाला १५ चौकटी. कुकर, रिक्षा आणि पांढरा बाण टिपणाऱ्याच्या घरचे आहेत. कन्नड बोलणारा आवाज मूळचा आहे.

'ख' प्रत टाकून दिलेली नाही. आठवीच्या मुलांना शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून वर्गात तीच लावतो, आणि संगणक शिक्षकांनी तिच्या आरंभीही काय काढले त्याची यादी घातली आहे. तंबोरा त्यात पहिला आहे. त्यांनी आणखी एक केले. 'क' प्रतीतला फोटोवाल्याचा आवाज तेवढ्या जागी 'ख'मध्ये परत आणून बसविला. तो थोडा खरखरीत आहे, ठिगळासारखा दिसतो, म्हणजे ऐकू येतो.

संमेलनात 'क' दाखवायचे ठरले. आधी एकदा पाहून घ्यावी म्हणून मी ती घरी लावली, आणि सौ.ही येऊन बसली. शिट्ट्या आल्या तेव्हा ती म्हणाली, "तूरडाळ होती." बारा वर्षांनी तिला ते कसे आठवले कोण जाणे. व्याख्यान संपते, टाळ्या होतात. 'ख' प्रत इथेच थांबते. 'क'मध्ये फोटोवाल्याने कॅमेरा बंद केलेला नाही आणि मीही रेकॉर्डिंग थांबविलेले नाही. सर खुर्चीत बसतात, तंबोरेवाला विद्यार्थी त्यांच्यापुढे तांब्या-भांडे धरतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज येतो, "अहो, झालं का? पानं घेऊ?" आणि माइकच्या अगदी जवळून, मोठ्याने, माझा:

"थांब जरा. सर पाणी पिताहेत."